मुंबईत नवीन आलात? गोड्या पाण्यात गळ कुठे टाकायचा

कृष्णेकाठी, गोदावरीत किंवा वैनगंगेवर लहानपणापासून गळ टाकत आलेला माणूस नोकरीपायी मुंबईत येतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटतं की इथे सगळंच खारं. वरळीला, वांद्र्याच्या खडकांवर, खाडीच्या पुलांवर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडून बसलेली माणसं दिसतात, पण रोहू-मरळीची सवय लागलेला हात तिथे रमत नाही. भरती-ओहोटीची वेळ सांभाळा, जिताडा लागेल की चिवणी याचा भरवसा नाही, आणि खाऱ्या पाण्याने रीळ गंजतं ते वेगळंच. गोडं पाणी मुंबईच्या आसपास भरपूर आहे. फक्त ते लोकलच्या शेवटच्या टप्प्यात आहे, आणि त्यातल्या बहुतेक पाण्याला कुणीतरी धनी आहे.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. जागा मे महिन्यात शोधायची आणि गळ दिवाळीच्या सुमाराला टाकायचा. बहुतेक नवखे नेमकं उलटं करतात. जुलैत ट्रेकला गेल्यावर दुथडी भरून वाहणारी नदी बघतात, फोनवर जागेची खूण करून ठेवतात आणि फेब्रुवारीत रॉड घेऊन जातात, तर तिथे घोटाभर पाणी आणि गोटे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या आखूड आहेत. चार महिने पूर, मग झपाट्याने उतार, आणि होळीनंतर ठिकठिकाणी नुसते डोह. उन्हाळा काढायचा तर माशाला डोहात जावंच लागतं. म्हणून डोह कुठे आहेत हे ज्याला कळलं, त्याला नदी कळली.

आधी नकाशावर फुल्या मारा

कुठे जायचं याच्या आधी कुठे जायचंच नाही ते ठरवा. यादी छोटी आहे, पण महत्त्वाची.

विहार आणि तुळशी हे तलाव नकाशावर फार मोहात पाडतात. बोरिवली-भांडुपच्या मधोमध, भोवती जंगल, पाणी स्वच्छ. पण दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत आणि दोन्हींचं पाणी शहराला पिण्यासाठी जातं. १८६० साली पूर्ण झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी, दोघांवरही फुली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तिथले पहारेकरी तो पाठ असल्यासारखे वागतात. तानसा आणि मोडकसागर या जलाशयांभोवती तानसा अभयारण्य आहे. तिथेही फुली.

पवईचं वेगळं आहे. १८९१ साली बांधलेल्या या तलावाचं पाणी पिण्यासाठी घेतलं जात नाही, आणि इथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळवाल्यांची जुनी संस्था आहे. तुम्हाला शहराच्या आत, कायदेशीर, शनिवार-रविवारी उठून रिक्षाने जाता येईल असं पाणी हवं असेल तर सभासदत्वाची चौकशी तिथे जाऊन करा. सभासद नसताना काठावर कुठेतरी आडोशाला बसून गळ टाकू नका. एक तर हाकलतात, दुसरं म्हणजे पवईत मगरी आहेत. काठाच्या गवतात पाय सोडून बसण्याची ही जागा नाही आणि अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरण्याची तर मुळीच नाही.

देवळाच्या तळ्यात गळ टाकायचा नाही हे गावाकडून आलेल्याला सांगावं लागत नाही. वाळकेश्वरची बाणगंगा समुद्राच्या इतकी जवळ असून गोडी आहे, बघायला जरूर जा, पण नुसतं बघायला. नदीतही देवाचे डोह असतात. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे म्हणून मानलेले महसीर पिढ्यान् पिढ्या कुणी धरत नाही. असे लहानसहान राखलेले डोह इतरही गावांत असतात आणि त्यांच्यावर पाटी नसते. काठावर शेंदूर, नारळाची करवंटी, लाल कापड दिसलं की सामान उचलायचं.

राहता राहिले औद्योगिक वसाहतींच्या खालचे पट्टे. तळोज्याची कासाडी, उल्हासनगरची वालधुनी, मिठी. इथे अडवणारं कुणी नाही, कारण राखण्यासारखं काही उरलेलं नाही. उल्हास नदीसुद्धा कल्याणच्या बाजूला उन्हाळ्यात जलपर्णीने हिरवीगार होते. लांबून ते सुंदर दिसतं.

पाण्याचा धनी कोण?

महाराष्ट्रात धरणांच्या जलाशयांतल्या मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिले जातात, आणि ते बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात. संस्था दरवर्षी पैसे खर्चून बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिलं, सोडते. कटला आणि रोहू यांना वीण घालायला वाहतं, पुराचं पाणी लागतं. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. म्हणजे धरणात तुमच्या गळाला लागलेली दोन किलोची रोहू ही निसर्गाची देणगी नसून कुणीतरी विकत आणून सोडलेली असते. ‘एक गळ टाकला तर काय बिघडलं’ हा हिशोब संस्थेच्या माणसाला पटत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

रीत अशी: धरणाच्या जवळच्या गावात जायचं, चहाच्या टपरीवर ‘इथल्या सोसायटीचे चेअरमन कोण’ एवढंच विचारायचं. पाच मिनिटांत माणूस नाहीतर त्याचा नंबर मिळतो. त्याला भेटून सांगायचं की जाळं नाही, एकच गळ आहे, अमुक वारी येईन. काही जण सरळ नाही म्हणतात. काही जण दिवसाचे थोडे पैसे घेतात, काही जण म्हणतात मासा वजन करून विकत घ्या. कुठलीही अट असली तरी शक्य तर पावती घ्या किंवा निदान त्यांच्या नंबरवरून आलेला मेसेज जपून ठेवा, कारण काठावर अडवणारा माणूस वेगळाच असतो. गावतळं असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातही कुठल्या तलावाचा ठेका कुणाकडे आहे ते कळतं, पण खरं सांगायचं तर चहाची टपरी लवकर उघडते.

धरणाची भिंत, सांडवा, दरवाजे यांच्या जवळ परवानगी असली तरी बसू नका. तिथे फोटो काढण्यावरूनही हटकतात.

पैसे देऊन बसायचं पाणीही आहे. कर्जत, खालापूर, वाडा या पट्ट्यात काही फार्महाऊसवाल्यांनी तळी खणून मासे सोडले आहेत. लहान मुलांना पहिला मासा दाखवायला ते ठीक आहे. मला त्यात गंमत वाटत नाही.

मे महिन्याची पाहणी

आता मुख्य काम. रॉड घरी ठेवायचा. पाठीवर पाण्याची बाटली, डोक्याला टोपी आणि पहाटेची लोकल.

पाहणीआधी घरबसल्या एक काम होतं. फोनवरच्या नकाशात उपग्रहचित्र लावा. संगणकावर गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं बघता येतात, त्यात एप्रिल-मेची निवडा. तपकिरी पात्रात जिथे जिथे गडद हिरवा-काळा ठिपका दिसतो, तो डोह. स्टेशनपासून चालत किंवा रिक्षाने जाता येतील असे ठिपके टिपून घ्या.

कुठली नदी? मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर उल्हास, कसारा मार्गावर भातसा, खोपोलीच्या अंगाला पाताळगंगा, पश्चिमेला पालघर-मनोर-वाड्याकडे वैतरणा आणि सूर्या. यांतल्या उल्हास, पाताळगंगा आणि भातसा यांना नवख्याने पहिली पसंती द्यावी, कारण कोकणच्या इतर नद्यांसारख्या न आटता या तिन्ही उन्हाळ्यातही वाहतात. घाटमाथ्यावरच्या टाटांच्या धरणांतलं पाणी डोंगरातून खाली सोडून वीज तयार होते. खोपोलीचं वीजघर १९१५ पासून, भिवपुरीचं १९२२ पासून. वीज काढून झालेलं पाणी खोपोलीला पाताळगंगेत आणि भिवपुरीला उल्हासच्या खोऱ्यात उतरतं. भातसा नदीत धरणातून सोडलेलं पाणी पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं आणि तिथून मुंबईसाठी उचललं जातं. म्हणजे आपल्या घरातला दिवा आणि नळ चालू राहावा म्हणून या नद्यांत भर मे महिन्यात पाणी असतं, आणि त्याच पाण्यावर मासा जगतो.

याची दुसरी बाजू मात्र डोक्यात पक्की ठेवा. वीजघर चालू झालं किंवा धरणातून पाणी सोडलं की आकाशात ढग नसताना पाणी चढतं. काठावर पोहोचल्याबरोबर आधी कातळ बघा. वाळलेल्या शेवाळाची पांढुरकी रेघ असते, तिच्या खाली ओलसर काळा पट्टा. पट्टा ओला, पण आत्ता पाणी त्याच्या वीतभर खाली असेल, तर थोड्या वेळापूर्वी पाणी उतरलेलं आहे, म्हणजे पुन्हा चढणारही आहे. मग पाण्याच्या अगदी कडेला एक पांढरा खडा ठेवायचा आणि अर्ध्या तासाने त्याच्याकडे बघायचं. खडा बुडाला असेल तर नदीच्या मधल्या खडकावर जाऊन बसायचा विचार सोडून द्या. खडवलीला भातसेच्या पात्रात सहलीला आलेली माणसं अशीच अडकतात.

डोह सापडला की लगेच पुढच्या डोहाकडे पळू नका. तासभर सावलीत बसा. उंबर, जांभूळ, करंज पाण्यावर ओणवलेले असतील तर त्यांच्या खाली बघा, पडणाऱ्या फळाला आणि किड्याला टपून मासा तिथे असतो. खंड्या एकाच फांदीवर परत परत येऊन बसत असेल तर त्या फांदीखाली बारीक मासळी आहे. जिथे बारीक आहे तिथे तिच्या मागावर मोठा आहेच. पाणकावळे डोहाच्या एकाच टोकाला बुड्या मारत असतील तर खोली त्या टोकाला. आणि मरळ असेल तर ती स्वतःच सांगते. तिला वरची हवा घ्यावी लागते. दर थोड्या वेळाने पाण्यावर ‘पच्’ असा आवाज येतो, एक गोल वलय उठतं आणि मागे दोन-चार बुडबुडे राहतात. त्याच भागात दोन-तीनदा ऐकलंत की जागा वहीत लिहा. फोनवर नको, त्या दऱ्यांत रेंज नसते.

खोली मोजायला तंगुसाला एक नट बांधून न्या. सोडायचं, बोटाला ढिलं लागलं की गाठ मारायची, वर काढून हाताने मोजायचं. मे महिन्यात पुरुषभर पाणी असलेला डोह बारमाही समजायला हरकत नाही.

एक सावधगिरी खालच्या पट्ट्यात घ्यावी लागते. नदी खाडीला मिळते तिथून बरंच वरपर्यंत भरती चढते. काठाला तिवरं दिसली, चिखलात निवट्या उड्या मारताना दिसल्या, की तुम्ही खाऱ्या पाण्यात आलात. तिथे बोईट मिळेल, रोहू नाही. उलट पेण-अलिबागकडे गोड्या तळ्यात जिताडा पाळलेला दिसला तर चक्रावू नका, तो दोन्हीकडे जगतो. ती तळी घरांच्या मागे असतात आणि त्यातला जिताडा पाहुण्यासाठी किंवा जावयासाठी राखलेला असतो. तुमच्यासाठी नाही.

विचारायचं कुणाला

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत गळ-रिळांची दुकानं आहेत. दुकानदार सामान चांगलं देईल, जागा मात्र सगळ्यांना सांगतो तीच सांगेल. नदीवर दुपारी गुरं पाणी प्यायला आणणारा गुराखी, धुणं धुणाऱ्या बाया आणि कातकरी वाडीतली माणसं, यांना डोहाचा तळ न् तळ माहीत असतो. बोलण्याची सुरुवात माशापासून करू नका. ‘मावशी, इथे पाणी खोल आहे का? पोरं पोहतात का?’ असं विचारा. भोवरा कुठे, गाळ कुठे, कोण कधी बुडालं हे सगळं न विचारता कळतं. मग मासा.

कातकरी आणि ठाकर कुटुंबांसाठी नदीतली मासळी हे रोजचं कालवण आहे, आपल्यासाठी रविवार. कुणी दादा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकत असेल तर त्याच डोहात त्याच्या समोर गळ टाकायचा नाही. थांबायचं, किंवा वरच्या डोहावर जायचं. थोडा वेळ त्याच्याजवळ नुसतं उभं राहिलात तरी त्या पाण्यात काय काय आहे ते तुम्हाला कळेल: मळ्या, शिंगटी, वाम, मरळ, नशिबात असेल तर शिवडा.

काठावर मेलेल्या बारीक पिलांचा थर दिसला, पाण्याला ब्लीचिंगचा वास आला, तर तो डोह त्या वर्षापुरता गेला. विष घालून आणि सुरुंग लावून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. अजूनही चालतं.

पहिला गळ

सामानाबद्दल थोडक्यात, कारण यावर लोक उगाच फार बोलतात. घडी होणारा टेलिस्कोपिक रॉड घ्या, सात-आठ फुटी पुरे. लोकलच्या दारात उभं राहून न्यायचा आहे हे विसरू नका. प्लॅटफॉर्मवर तो उघडून बघायचा मोह आवरा. वर ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात आणि कार्बनच्या रॉडमधून वीज उत्तम वाहते. शेतातून नेलेल्या तारांखालीही रॉड मिटलेलाच हवा. तंगूस पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. गळ आठ-दहा नंबरचे, आणि नंबर जितका मोठा तितका गळ लहान हे दुकानातच समजून घ्या. बोयासाठी, म्हणजे मासा लागल्याचं दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेसाठी, मोरपिसाची काडी मिळाली तर तिच्यासारखं काही नाही.

पहिल्या दिवशी लक्ष्य ठेवा चिलापीचं. ती जवळजवळ सगळीकडे आहे, भर दुपारीही लागते आणि कितीही धरली तरी नदीचं नुकसान नाही, कारण ती मूळची इथली नाही. आमिष म्हणून गांडूळ चालतं, पण रोहू-मृगळची आशा असेल तर पीठ मळा. कणीक, त्यात चौथा हिस्सा शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग. पाणी थेंबाथेंबाने घालायचं आणि पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं. वाटाण्याएवढी गोळी गळाला लावून काठाच्या उथळ पाण्यात डोळ्यांदेखत सोडून बघा. लगेच विरघळली तर थोडी कणीक वाढवा, पाच मिनिटांनीही दगडासारखी राहिली तर पेंड वाढवा. दोन-तीन मिनिटांनी कडा भुगभुगीत व्हायला लागल्या की पीठ जमलं. उरलेल्या पेंडीचे दोन-तीन गोळे बोयाच्या जागी आधीच टाकून ठेवा आणि मग निवांत बसा, डबा काढा.

मरळीला पीठ चालत नाही, तिला हलणारं काहीतरी लागतं. पावसाळ्याच्या सुमाराला पाण्यावर लालसर पिलांचा गोळा फिरताना दिसला तर खाली त्यांचे आई-बाप राखण करत असतात. अशा वेळी ती हमखास आमिषावर झडप घालते, भुकेने नव्हे, पिलांच्या रागाने. तिथे गळ टाकायचा नाही. तिला काढली की पिलं इतर माशांच्या तोंडी जातात आणि पुढच्या वर्षी त्या डोहावर ‘पच्’ ऐकू येत नाही.

पावसाळ्यात काय करायचं?

घरी बसायचं. समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती बोटींसाठी, पण गोड्या पाण्यातल्या माशांच्या विणीचे महिनेही हेच. पहिल्या जोरदार पावसात ठाणे-रायगडच्या गावांत वलगण चढते. अंड्यांनी भरलेली मासळी नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात चढते आणि रात्री बॅटऱ्या घेऊन गावं लोटतात. वलगणीच्या माशांची चव सांगावी तितकी थोडी, हे मान्य. पण गावकऱ्यांनी आपल्या बांधावर चार मासे धरणं वेगळं आणि मुंबईहून गाड्या भरून आलेल्यांनी पिशव्या भरणं वेगळं. आपण दुसऱ्या प्रकारात मोडतो.

शिवाय उल्हासचा पूर थट्टेवारी नेण्यासारखा नाही. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पाण्यात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. एवढी मोठी गाडी जिथे थांबली तिथे आपला गळ काय करणार?

पाऊस ओसरला, पाण्याचा चहासारखा रंग जाऊन तळातले गोटे दिसायला लागले की मे महिन्याची वही काढा. आता डोह ओळखू येणार नाहीत, सगळीकडे सारखंच पाणी दिसेल. पण उंबर तिथेच असतो, कातळही तिथेच. सकाळी उन्हं पाण्यावर येईपर्यंत आणि संध्याकाळी चारनंतर बसा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची घाई नको, गार पाण्यात मासा उशिरा हलतो.

खायचा की सोडायचा

कर्जत-नेरळच्या बाजूचा मासा मी खातो, कल्याणच्या बाजूचा नाही. पाताळगंगेतही रसायनीच्या वरचा आणि खालचा यात फरक करा. गावाच्या सांडपाण्याचा नाला जिथे नदीला मिळतो तिथे चिलापी सर्वांत गुबगुबीत असते, आणि ती नेमकी टाळायची. वीतभराखालचे रोहू-कटला आणि कुठल्याही मापाचा महसीर परत सोडा. सोडताना हात ओला करून धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

नेण्याजोगा मासा असेल तर तिथल्या तिथे कल्ले आणि आतडी काढा, सुकं गवत घालून डब्यात ठेवा. डोहाच्या माशाला गाळाचा वास असतो. घरी मीठ-हळद चोळून अर्धा तास, मग ताकात अर्धा तास, आणि धुऊन मगच मसाला. एवढं केलं की पापलेटवाले सासरेसुद्धा नाव ठेवत नाहीत.

परतीच्या लोकलमध्ये साध्या डब्यात चढू नका. गर्दीत डबा कलंडला तर डोंबिवली येईपर्यंत पूर्ण डबा तुमचा उद्धार करेल. लगेजच्या डब्यात चढा. तिथे टोपल्या असतात, दुधाचे कॅन असतात, वासाला कुणी नाक मुरडत नाही. फक्त झाकण उघडून बघतात आणि कुठल्या डोहातला म्हणून विचारतात. तेव्हा स्टेशनचं नाव सांगा, डोहाचं नको.